जागा तशी युक्ती : कोकण-सह्याद्रीतले पाच विलक्षण जीव

मासे डोळे मिचकावत नाहीत, पण खाडीच्या चिखलातली निवटी मिचकावते. कोकणच्या सड्यावरचा कातळ उन्हाळाभर तापत असतो आणि पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच कातळातल्या खळग्यांत इवले जीव पोहू लागतात. याच कोकणात जमिनीखाली राहणारा एक उभयचर प्राणी अंडी न घालता थेट पिल्ले देतो. साताऱ्याच्या पठारावरचा सरडा गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडून शेजारच्या नराला दम देतो. आणि बिबट्या समोर आला तरी पळून न जाणारे एक जनावर नुसते गुंडाळून पडते आणि जीव वाचवते.

अशा गोष्टी आपण नवल म्हणून वाचतो आणि पान उलटतो. या जिवांना मात्र नवल करून दाखवायचे नसते, त्यांना जगायचे असते. प्रत्येक युक्तीमागे एक ठरावीक जागा असते, त्या जागेची एक ठरावीक अडचण असते आणि त्या अडचणीवर लाखो वर्षांत घडत गेलेला तोडगा असतो. जागा कळली की युक्ती कळते. जागा बदलली की तीच युक्ती निकामी होते, कधी जिवावरही उठते. खाडीपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतच्या पाच जिवांकडे या नजरेने पाहू.

खाडीचा चिखल : पाण्याबाहेर वावरणारी निवटी

ठाणे, वसई, उरण, धरमतर या भागांतल्या खाड्यांवर ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर वीतभर लांबीचे मासे सरपटताना आणि उड्या मारताना दिसतात. हीच निवटी. खाडीकाठच्या कोळी-आगरी घरांत तिचे कालवण आवडीने होते. बाजारात ती जिवंत विकली जाते, कारण पाण्याबाहेर काढली म्हणून ती लगेच मरत नाही.

इतर मासे का मरतात? हवेत तर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू असतो. अडचण असते ती कल्ल्यांची. कल्ल्यांचे नाजूक पदर पाण्यात सुटे राहतात, हवेत मात्र एकमेकांना चिकटून बसतात आणि प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. निवटी आणि तिचे भाईबंद कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतात. शिवाय ओली कातडी, तोंडाचे आणि घशाचे अस्तर यांतूनही ते प्राणवायू घेतात. कातडी ओली असेल तरच हे साधते, म्हणून हे मासे अधूनमधून चिखलात कुशीवर लोळतात. भर उन्हात त्यांचे हे लोळणे म्हणजे श्वास चालू ठेवण्याची धडपड असते.

डोळ्यांचेही तसेच. पाण्यातल्या माशाचा डोळा आपोआप ओला राहतो, त्याला पापणीची गरज पडत नाही. निवटीच्या कुळातल्या माशांचे डोळे डोक्याच्या वर आलेले असतात आणि हवेत ते सुकू शकतात. या माशांना अश्रूंच्या ग्रंथी नसतात. त्यांनी वेगळाच मार्ग काढला आहे : डोळा क्षणभर खाली खोबणीत ओढून घ्यायचा. तिथली त्वचा त्याच्यावर येते, तो ओला होतो, पुसला जातो आणि पुन्हा वर येतो. या मिचकावण्यावरचा सविस्तर अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. डोळा ओला ठेवणे, स्वच्छ करणे आणि इजेपासून वाचवणे ही तिन्ही कामे ही एकच हालचाल करते, असे त्यातून दिसले. आपली पापणी हीच तीन कामे करते.

खाण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. आपल्याकडची निवटी डोके डावी-उजवीकडे फिरवत ओल्या चिखलावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडते. या कुळातले दुसरे काही मासे जमिनीवर किडे आणि छोटे खेकडे पकडतात. माशाला आपल्यासारखी हलणारी जीभ नसते. पाण्यात तो तोंड उघडून घास ओढून घेतो, हवेत तसे ओढता येत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका जातीवर बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात अभ्यास झाला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. हा मासा तोंडात पाण्याचा घोट घेऊन जमिनीवर येतो. भक्ष्यापाशी पोहोचला की तो घोट तोंडाच्या कडेला आणतो, भक्ष्य त्यात भिजले की पाण्यासकट आत ओढून गिळतो. जिभेचे काम पाणी करते.

सर्वांत कठीण प्रश्न अंड्यांचा आहे. उघड्या चिखलावर अंडी सुकतील किंवा खाल्ली जातील. बिळात ठेवावीत, तर बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका जातीच्या अभ्यासातून यावरचा उपाय समोर आला. हे मासे बिळाच्या टोकाशी वर वळलेली एक खोली करतात आणि तिच्या छतावर अंडी चिकटवतात. मग नर ओहोटीच्या वेळी बाहेर येऊन तोंडात हवा भरतो, आत जाऊन ती खोलीत सोडतो आणि पुन्हा बाहेर येतो. अशा खेपा करून तो अंड्यांभोवती हवेचा साठा टिकवून ठेवतो. अंडी पिकली की तो उलटे काम करतो : रात्रीच्या भरतीच्या वेळी खोलीतली हवा तोंडात घेऊन बाहेर टाकतो. खोलीत पाणी चढते, अंड्यांना पाणी लागते आणि पिल्ले बाहेर पडतात. अंडी किती दिवसांची झाली आणि भरती केव्हा आहे, या दोन्हींचा मेळ तो बाप घालतो.

हा सारा खटाटोप कशासाठी? भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात अन्न भरपूर असते. पाण्यातल्या मोठ्या माशांना ओहोटीत तिथे येता येत नाही, आणि जमिनीवरच्या प्राण्यांना त्या चिखलात पाय रोवता येत नाहीत. फायदा मोठा आहे, पण रोज दोनदा येणारी भरती आणि दोनदा येणारी ओहोटी दोन्ही तिथे असायला हव्यात. भराव टाकून चिखल कोरडा केला की निवटीपुढे जायला दुसरी जागा राहत नाही. महाराष्ट्राच्या वनखात्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. खारफुटीबरोबर तिच्यापुढचा उघडा चिखलही राखला, तरच निवटी राहील.

सड्यावरचा खळगा : वाट पाहणारी अंडी

खाडी सोडून वर चढले की कोकणचा सडा लागतो. जांभ्या दगडाचे हे सपाट माळ उन्हाळ्यात भाजून निघतात. पावसाळ्यात त्यांच्यावरच्या खळग्यांत पाणी साचते आणि त्या पाण्यात बारीक, जवळजवळ पारदर्शक जीव पोहताना दिसतात. हे फेअरी श्रिंप. नावात श्रिंप असले तरी कोळंबीशी त्यांचे नाते दूरचे आहे. ते पाठीवर, म्हणजे पोट वर करून पोहतात. पायांच्या जोड्या लयीत हलवत ते त्याच हालचालीने पोहतात, श्वास घेतात आणि पाण्यातले सूक्ष्म अन्नकण गाळून खातात. सह्याद्रीतून २०१४ साली वर्णन झालेल्या एका जातीला शास्त्रज्ञांनी या पर्वताचेच नाव दिले आहे : स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस.

खळग्यात मासे नसतात, हा या जिवांचा मोठा फायदा. तोटा असा की पाऊस ओसरला की खळगा आटतो. त्यामुळे त्यांचे सारे आयुष्य काही आठवड्यांत उरकते. वाढ, जोडी, अंडी आणि मृत्यू, सर्व त्याच पाण्यात. मागे राहतात ती जाड कवचाची अंडी, तळाच्या चिमूटभर मातीत.

या अंड्यांत गर्भाची वाढ एका टप्प्यावर येऊन थांबते आणि शरीरातला जवळजवळ सगळा ओलावा निघून जातो. एरवी कोणतीही पेशी अशी सुकली की तिच्यातली प्रथिने आणि पापुद्रे मोडून पडतात. फेअरी श्रिंपचा नातलग असलेल्या खाऱ्या पाण्यातल्या आर्टेमियाच्या अंड्यांवर खूप संशोधन झाले आहे. त्या पेशींत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवलेली असते. पाणी निघून गेले की ही साखर नाजूक रचनांना धरून ठेवते. अशी अंडी वर्षानुवर्षे कोरडी राहून पुन्हा जिवंत होऊ शकतात. वाऱ्याने धुळीबरोबर ती दुसऱ्या खळग्यात जातात, पक्ष्यांच्या पायांना चिकटून किंवा पोटातूनही प्रवास करतात.

याहून महत्त्वाची युक्ती पुढे आहे. पहिला पाऊस पडला की सगळी अंडी एकदम उबत नाहीत. काही उबतात, काही ओली होऊनही तशीच राहतात. कारण पहिल्या पावसाचा भरवसा नसतो. मे महिन्यातला वळीव खळगा भरतो आणि पुढचे पंधरा दिवस ऊन पडते. त्या पाण्यावर विसंबून सगळी अंडी उबली, तर अंडी घालण्याआधीच सगळी पिढी सुकून जाईल. काही अंडी मागे राहिली तर पुढचा पाऊस, किंवा पुढच्या वर्षीचा पाऊस, त्यांच्या कामी येतो. पावसाच्या लहरीपणावरचा हा उपाय त्या धुळीएवढ्या अंड्यांतच घडून गेलेला आहे.

सरकारी कागदांत आणि बोलण्यात सडा बहुतेक वेळा पडीक असतो. चिऱ्याच्या खाणी आधी तिथेच निघतात. पण खणून काढलेल्या चिऱ्याबरोबर खळगा जातो आणि खळग्याबरोबर अनेक वर्षांच्या अंड्यांची शिल्लकही जाते. कातळशिल्पांमुळे अलीकडे सड्यांकडे लोकांचे लक्ष वळले आहे. त्या शिल्पांशेजारच्या पाण्याच्या खळग्यांकडेही ते वळले पाहिजे.

मातीखालचा अंधार : देवगांडूळ

पावसाळ्यात बाग खणताना किंवा दगड उलटताना कोकणात आणि घाटमाथ्यावर एक लांबट, ओलसर, अंगावर वळ्या असलेला प्राणी सापडतो. पाय नाहीत, डोळे दिसत नाहीत, डोके आणि शेपूट पटकन ओळखू येत नाही. कुणी त्याला मोठे गांडूळ समजतो, कुणी साप समजून मारून टाकतो. तो दोन्ही नाही. त्याला पाठीचा कणा, कवटी, जबडा आणि दात असतात. तो बेडकाचा दूरचा नातलग, उभयचर आहे.

देवगांडुळाचे सारे शरीर मातीत शिरण्यासाठी घडले आहे. कवटी घट्ट आणि भक्कम, कारण डोके हेच त्याचे खणायचे हत्यार. अंधारात उपयोग नसल्याने डोळे लहान आणि त्वचेखाली गेलेले. त्यांच्या जागी एक नवे इंद्रिय आले आहे : डोळा आणि नाकपुडी यांच्या मधून बाहेर येणारी एक बारीक स्पर्शिका. तिने तो मातीतले वास आणि स्पर्श टिपतो. पाठीचा कणा असलेल्या इतर कोणत्याही प्राण्याकडे असे इंद्रिय नाही. गांडुळे, वाळवी आणि मातीतले इतर जीव हे त्याचे अन्न.

आंबोलीच्या देवगांडुळाची एक जात २००३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले ज्येष्ठ निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचे नाव तिला दिले. त्याच वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून गेगेनिओफिस शेषाचारी ही दुसरी जात नोंदली गेली. पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले की शेषाचारी ही जात अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. जिवंत पिल्ले देणाऱ्या देवगांडुळाची ती आशियातली पहिली नोंद होती.

उभयचरांच्या जीवनक्रमात अंडी पाण्यात, मग बेडूकमासे आणि मग प्रौढ, हा क्रम आपण शाळेत शिकतो. देवगांडुळांनी त्यात बरेच बदल केले आहेत. काही जातींची मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते, त्यांना वेटोळे घालून बसते आणि पिल्ले पुढे पाण्यात जातात. ईशान्य भारतातल्या देवगांडुळांचे एक नवे कुळ २०१२ साली दिल्ली विद्यापीठाचे प्रा. एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. त्या माद्या दोन-तीन महिने अंड्यांभोवती बसून राहतात, त्या काळात त्या काही खात असल्याचे दिसत नाही, आणि अंड्यातून प्रौढासारखीच छोटी पिल्ले बाहेर पडतात.

याहून पुढची पायरी परदेशांतल्या जातींत दिसली आहे. केनियातल्या एका जातीची पिल्ले खास दातांनी आईची वरची कातडी सोलून खातात, हे २००६ साली सिद्ध झाले. ही कातडी त्या काळात जाड आणि स्निग्ध झालेली असते, आईला इजा होत नाही आणि ती पुन्हा वाढते. ब्राझीलमधल्या एका जातीची मादी अंडी घालते, आणि पिल्ले उबली की त्यांना शरीरातून दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते. पिल्ले तिच्याजवळ येऊन आवाज करतात आणि ती द्रव सोडते. साओ पावलोच्या बुतांतान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे हे निरीक्षण २०२४ साली प्रसिद्ध झाले. मातीखाली पिल्लांना आयते अन्न मिळत नाही आणि आई जवळच असते, या दोन गोष्टींतून हे संगोपन घडत गेले असावे.

कोकणातल्या या जिवांचे जवळचे नातलग हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत. उभयचरांना खारे पाणी सोसत नाही, तेव्हा समुद्र ओलांडून ते तिथे गेले असण्याची शक्यता फारच कमी. भारत आणि सेशेल्स सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटले. त्याआधीच्या एकत्र भूमीवर या दोघांचे पूर्वज राहत होते. बागेत कुदळीला लागणारा हा प्राणी खंडांच्या त्या फुटीचा जिवंत पुरावा आहे.

उघडे पठार : पंखा उघडणारा सरडा

साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार उघडे, वाऱ्याचे आणि उन्हाचे आहे. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत तिथे छोटे मातकट सरडे दगडांवर चढून बसतात. नर पुढचे पाय ताठ करतो, छाती उचलतो आणि गळ्याखालची घडी उघडतो. क्षणात निळा, काळा आणि नारिंगी रंग उन्हात झळकतो आणि घडी पुन्हा मिटते. या जातीचे शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. ती २०१६ साली नोंदली गेली.

पंखा का मिटतो, याचे उत्तर पठारावरच्या आकाशात आहे. मादीला खुणावायचे आणि शेजारच्या नराला हद्द दाखवायची तर रंग भडक हवा आणि जागा उंच हवी. पण उघड्या माळावर भडक रंग म्हणजे तिसा, कापशी घार अशा शिकारी पक्ष्यांना आमंत्रण. घडी हा त्यावरचा तोडगा. पाठ मातीच्या रंगाची, रंग गळ्याखाली आणि हवा तेव्हाच बाहेर. त्याबरोबर सावधपणाही येतो. कुणी जवळ येऊ लागले की सरडा ठरावीक अंतरावरच पळ काढतो.

या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर, तसेच अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग शेजारीशेजारी अभ्यासला. हे काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. त्यामुळे सरडे वाढले होते, पण वाढलेले सरडे पूर्वीसारखे नव्हते. त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी होते, माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. गर्दीमुळे अन्नाची ओढाताण होऊन ते अंगाने हलके होते आणि गळ्याचे रंगही फिके पडले होते.

पवनचक्कीचे पाते सरड्याला लागत नाही. ते वरच्या पक्ष्याला दूर ठेवते, आणि त्याचा परिणाम खालच्या सरड्याच्या रक्तापर्यंत आणि गळ्याच्या रंगापर्यंत पोहोचतो. पवन ऊर्जा आपल्याला हवी आहे. पण ती कुठे उभारावी हे ठरवताना पठार म्हणजे रिकामी जागा, असे धरून चालणार नाही, हे या छोट्या सरड्याने मोजमापासह दाखवून दिले.

वारुळाची वाट : खवले मांजर

कोकणापासून विदर्भापर्यंत आढळणारे खवले मांजर मांजराच्या कुळातले नाही. अंगभर खवले असणारे सस्तन प्राणी जगात फक्त याच कुळात आहेत. खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे.

त्याचे अन्न मुंग्या आणि वाळवी. पुढच्या पायांच्या लांब नख्यांनी ते वारूळ फोडते आणि चिकट लाळेने माखलेली लांब जीभ बोगद्यांत घालते. ही जीभ इतकी लांब असते की तिचे मूळ छातीच्या पोकळीत खोलवर जाते. मुंग्या चावू नयेत म्हणून खाताना ते नाकपुड्या आणि कान मिटून घेऊ शकते. तोंडात दात अजिबात नाहीत. चावण्याचे काम पोटात होते : जठराचे स्नायू भक्कम असतात, अन्नाबरोबर गिळलेले खडे आत राहतात आणि जात्यासारखे मुंग्या भरडतात. चालताना नख्या झिजू नयेत म्हणून ते पुढचे पंजे आत मुडपून चालते.

मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीच्या मुळाशी घट्ट धरून बसते आणि तिच्याबरोबर फिरते. धोका जाणवला की आई पिल्लाला पोटाशी घेऊन गुंडाळते. बाहेर फक्त धारदार खवल्यांचे कवच राहते, आत मऊ पोट, चेहरा आणि पिल्लू सुरक्षित. या गोळ्याला बिबट्याचा पंजा आणि दात सहसा उघडू शकत नाहीत. पळण्याची गती नाही, चावायला दात नाहीत, अशा प्राण्यासाठी हा उत्तम बचाव आहे.

माणसापुढे मात्र हाच बचाव घात करतो. पळणाऱ्या प्राण्याला पकडावे लागते, गुंडाळून पडलेले खवले मांजर नुसते उचलून पोत्यात घालता येते. खवल्यांना औषधी मानणाऱ्या बाजारामुळे या कुळातल्या सगळ्या जातींची तस्करी होते. ज्या खवल्यांनी बिबट्यापासून वाचवले, त्यांच्यासाठीच ते मारले जाते. त्या खवल्यांत औषधी गुण असल्याचा कोणताही वैज्ञानिक पुरावा नाही. खवले मांजराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी घालण्याचा निर्णय २०१६ साली झाला. चीनने २०२० साली आपल्या अधिकृत औषधसूचीतून हे खवले काढून टाकले. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात या प्राण्याला सर्वोच्च संरक्षण आहे.

कायद्याइतकेच मोलाचे काम गावांनी केले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कोकणात गावोगावी खवले मांजराविषयी जागृती केली. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने तर शिमग्याच्या परंपरेतल्या पालखीच्या धर्तीवर खवले मांजराची पालखी काढून ‘खवलोत्सव’ साजरा केला. ज्या प्राण्याकडे पूर्वी शिकार म्हणून पाहिले जाई, त्याला गावाने आपल्या उत्सवात मान दिला. वाळवी खाणारा हा प्राणी शेतीचाही मित्र आहे, हे त्या गावाला पटले आहे.

पाचही जिवांत समान काय?

पहिली गोष्ट, प्रत्येक युक्ती एका ठरावीक अडचणीपुरती आहे. निवटीच्या कुळातली हवा साठवण्याची रीत चिखलातल्या प्राणवायूच्या टंचाईवर आहे. फेअरी श्रिंपच्या अंड्यांचे थांबून राहणे पावसाच्या लहरीवर आहे. सरड्याची घडी घारीच्या नजरेवर आणि खवले मांजराचे गुंडाळणे बिबट्याच्या दातांवर आहे. या प्राण्यांनी विचार करून हे ठरवलेले नाही. ज्यांच्यात हे गुण थोडे अधिक होते ते तगले, त्यांची पिल्ले वाढली आणि असंख्य पिढ्यांत ती रीत पक्की झाली.

दुसरी गोष्ट, अशा युक्त्या घडायला फार काळ लागतो आणि त्या झटपट बदलता येत नाहीत. भराव एका महिन्यात पडतो, खाण एका मोसमात खोल जाते, फास एका रात्रीत लागतो. त्या वेगाने निवटी नवा श्वास शिकू शकत नाही आणि खवले मांजर पळायला शिकू शकत नाही. पठारावरच्या सरड्याची वागणूक बदलली खरी, पण त्या बदलाची किंमत त्याने अंगाने आणि रंगाने मोजली.

तिसरी गोष्ट, या जागा आपल्याला बहुधा ओसाड वाटतात. चिखल, कातळ, माळ, बांधावरचे वारूळ यांना कुणी जंगल म्हणत नाही. संरक्षणाच्या चर्चेत वाघ आणि घनदाट झाडी आधी येतात, ते योग्यच आहे. पण या पाचांपैकी चार जीव प्रामुख्याने झाडीबाहेरच्या जमिनीवर किंवा जमिनीखाली राहतात. अशा जागा सगळ्यांत सहज हातच्या जातात, कारण त्या गेल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही.

आपण काय करू शकतो?

बाग खणताना वळ्यांचा लांबट प्राणी निघाला तर तो मारू नका. देवगांडूळ विषारी साप नाही. ओल्या मातीने झाकून त्याला तिथेच सोडा. सड्यावर आणि माळावर वणवा लावू नका, त्यात सरडे, खवले मांजरे आणि पक्ष्यांची घरटी सगळेच होरपळतात. शेताच्या बांधावर डुकरासाठी लावलेल्या फासकीत खवले मांजरही अडकते, म्हणून फासकी लावणे थांबवा आणि दिसली तर कळवा. गावात खाण, भराव किंवा प्रकल्प येणार असेल, तर ग्रामसभेत सड्यावरच्या खळग्यांचा आणि खाडीच्या चिखलाचा विषय आवर्जून काढा, तिथे काय राहते ते सांगा.

खवले मांजर जखमी अवस्थेत दिसले, कुणी ते किंवा त्याचे खवले विकत असल्याचे कळले, तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर लगेच कळवा. त्याचा फोटो टाकताना जागा उघड करू नका. ज्या प्राण्याचा सारा बचाव गुंडाळून पडून राहणे एवढाच आहे, त्याच्यापर्यंत वेळेवर मदत पोहोचवणे आपल्याच हातात आहे.